आरंभबिंदू साहेब

कोलोन कुठे आहे असं कोणी विचारलं, तर साहेब सांगत, "माझ्या उत्तरेला, चार तासांवर." जर्मनीतल्या बॉबलिंगेन गावच्या त्यांच्या घरी जेवायला आलेल्या माणसाला बाथरूमही ते आपल्या खुर्चीपासून सांगत: "डावीकडे दुसरं दार." समोर बसलेला पाहुणा हमखास स्वयंपाकघरात शिरे. वहिनी म्हणत, "अहो, त्यांची डावी बाजू सांगा." यात आपलं काय चुकलं, हे साहेबांना कधी कळलं नाही. पुण्याहून आलेले आम्ही इंजिनियर पाठीमागे त्यांना 'आरंभबिंदू' म्हणायचो.

दोन हजार पाचच्या सुमारास कामही त्यांना नेमकं तसलंच मिळालं. चाचणीच्या हॉलमध्ये छताला चाळीस सेन्सर, सगळे एकमेकांना जोडलेले. खालून गाडी गेली की ती कुठे आहे हे प्रत्येक जण आपापल्या जागेवरून सांगे. या चाळीस मतांचा मेळ घालून हॉलच्या नकाशावर गाडीची एकच जागा दाखवायची होती. साहेबांनी ठरवलं, सगळं एक नंबरच्या सेन्सरपासून मोजायचं. कारण तो त्यांनी स्वतः शिडीवर चढून बसवला होता.

मेळ काही बसेना. फ्राउ क्लाइन, म्हणजे क्लाइनबाई, ही आमची जुनी टेक्निशियन. तिने लेझरने मोजून सांगितलं की एक नंबर तिरका बसलाय. साहेब शांतपणे आपल्या जर्मनमध्ये म्हणाले, "आल्झो, म्हणजे उरलेले एकोणचाळीस तिरके आहेत."

तीन आठवडे आम्ही ते एकोणचाळीस एक नंबरशी जुळवायला पिळत बसलो. तिने मात्र पान्याला हात लावायला नकार दिला. तिच्या मोजमापावर भरवसा ठेवता येत नाही असं साहेबांनी वर कळवलं, आणि तिची रवानगी स्टोअरमध्ये झाली. तिचे आकडे मी पाहिले होते. पण माझा करार वाढवण्याच्या कागदावर साहेबांची सही व्हायची होती, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

ही यंत्रणा विकत घेणारं गिऱ्हाईक पाहायला आलं त्या दिवशी चाळीसही सेन्सरांचं एकमत झालं आणि पडद्यावरची गाडी सरळ भिंतीत शिरली. गिऱ्हाइकाच्या माणसांपैकी एकाने विचारलं की पलीकडे पार्किंग आहे का. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

ते गेल्यावर साहेब स्वतः शिडीवर चढले, बराच वेळ वरच राहिले. उतरल्यावर एवढंच म्हणाले, "तिरका आहे."

दुसऱ्या दिवशी ते स्टोअरमध्ये गेले आणि मलाही बरोबर घेतलं. तिचं मोजमाप बरोबर होतं, असं त्यांनी तिला सांगितलं. फ्राउ क्लाइनने खोक्यांवरून मान वर केली नाही. "हे वर लिहून कळवलंत?" तिने एक कोरा कागद पुढे सरकवला.

साहेबांनी तिच्याच टेबलाशी उभं राहून लिहिलं. तिने ते वाचलं, लाल पेनने जर्मन व्याकरणाच्या चार चुका दुरुस्त केल्या आणि म्हणाली, "आता पुन्हा, स्वच्छ अक्षरात."

त्यांनी पुन्हा लिहिलं. मग तिने तेच पेन माझ्यापुढे धरलं. "आकडे तुम्हीही पाहिले होते. सही करा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर मला जागा करून दिली.