दिनेशची रेल्वे आणि माझं भाषण

मागच्या रविवारी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला गेलो होतो, एक रेल्वे वाचवायला. रेल्वेच्या मागण्यांसाठी आजवर रुळांवर बसलोय, निवेदनं दिलीत, घसा बसेपर्यंत बोललोय... पण ही रेल्वे एका खोलीत मावणारी होती.

दिनेश माझा शाळेपासूनचा मित्र, सिंचन खात्यात नोकरीला. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास, म्हणजे १९९९ साली, त्याने घराच्या समोरच्या खोलीत छोटी रेल्वे मांडायला घेतली. त्याची मुलगी प्रणाली तेव्हा नुकती चालायला लागली होती. "पोरीसाठी करून राहिलो," असं तो सगळ्यांना सांगायचा.

मग ते वाढतच गेलं... इंजिनं मुंबईहून मागवलेली. वैनगंगेचा पूल मात्र भंडाऱ्याच्या भांड्यांच्या दुकानांतून आणलेल्या पितळी पट्ट्यांचा. हिरव्या रंगवलेल्या लाकडी भुशाची भातखाचरं, म्हणजे आमच्या धानाच्या बांध्या, कडेला पळस आणि हाताने पाडायचं छोटं रेल्वे फाटक. ना पत्ते, ना दारू, या माणसाची सगळी सुट्टी रूळ जोडण्यात जायची. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे.

आता रस्ता रुंद होतोय आणि ती समोरची खोली पाडली जाणार होती. प्रणालीने नागपुरात फ्लॅट घेतलाय, त्यातली एक खोली रिकामी आहे. पण ती रेल्वे न्यायला तयार नव्हती, आणि दिनेशच्या उरलेल्या घरात एवढं टेबल ठेवायला जागाच नव्हती. तिचा नकार म्हणजे रेल्वे मोडायची, एवढं सरळ.

म्हणून दिनेशने मला फोन केला. "तूच बोल तिच्यासंग. तू बोलला का लोकं उठून उभे राहतेत."

दारातच शोभावहिनी म्हणाल्या, "जयभीम भाऊजी. आले का वकील? इतके वर्षं झाले, एवढी जागा मले सैंपाकघरात नाही भेटली." बोलता बोलता पदराने पुलावरची धूळ पुसत होत्या.

मी बोललो. मनापासून बोललो... ज्यांच्या आज्या-पणज्यांना दिवसभर राबून बसायलाही उसंत नव्हती, त्यांच्या घरातल्या पहिल्या पगारदार माणसाने निव्वळ आनंदासाठी स्वतःच्या हातांनी एक जग उभं केलं. छंद ही काही मोजक्या घरांची मक्तेदारी नाही. बेटा, हा वारसा आहे, भंगार नाही! सभा असती तर टाळ्या पडल्या असत्या.

प्रणालीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, तुमचं म्हणणं खरं आहे. पण मले सांगा, ही गाडी तुम्ही चालवली का नाही?"

"बरेचदा," मी म्हणालो. कुणीही पाहुणा आला की दिनेश मोठ्या मानाने गाडीचं बटण त्याच्या हातात द्यायचा. माझ्या तर हमखास.

"मी एकदाही नाही चालवली. तुम्ही गाडी चालवायचे अन् मी फाटक पाडून उभी राहायची. गाडीले हात लावला का बाबा म्हणायचे, रूळ हालते. मंग मी खोलीत येणंच सोडलं. आता घरी नेऊन काय करू? तिथंही फाटकच पाडू काय?"

"तू लहान होती न बेटा," दिनेश म्हणाला.

"मंग मोठी झाल्यावर?"

समतेवर जिल्हाभर बोलत फिरणारा मी, आणि त्या खोलीत बटण बरेचदा माझ्याच हातात होतं.

दिनेशने बटण तिच्यापुढे धरलं. "घे. आता चालव." तिने घेतलं नाही. रागावली नव्हती. "राहू द्या बाबा," एवढंच म्हणाली.

मग तो खाली बसला आणि रूळ उचकटू लागला. थोड्या वेळाने तीही शेजारी बसली, डबे जुन्या पेपरात गुंडाळायला. एक इंजिन त्याने उचलून तिच्या हातात दिलं. ती क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, काहीतरी बजावणार म्हणून... तो पुढचा रूळ उचकटायला वळला होता. ते इंजिन ती नागपूरला घेऊन गेली. ठेवायला. चालवायला रूळ कुठे उरले?

बाकीचं पेपरात गुंडाळून माळ्यावर गेलं. पूल निघताना वाकला. खोली पडली.

मुलांसाठी म्हणून आपण किती काय उभं करतो, आणि त्यांना कडेला उभं करून ठेवतो. प्रणाली, आजवर मला बोलून गप्प करणारं कुणी भेटलं नव्हतं. तू केलंस, तुझे उपकार आहेत. हेच तू दहा वर्षांची असताना म्हणाली असतीस, तर आम्ही दोघे हसलो असतो आणि गाडी पुन्हा सुरू केली असती... रविवारपासून मला तेच सलतंय.