धाराशिवच्या बंगल्यावरचा जोगवा

दर मंगळवारी आमच्या दारी जोगवा मागायला येणारी अनसूयाबाई त्या दिवशी पीठ घेऊनही उभीच राहिली. तिच्यामागं तामलवाडीची कोंडाबाई होती, उजवा हात फडक्यात बांधलेला. ती सडकेच्या कामावर खडी फोडते. बायकांनाच मजुरी कमी का, असं तिनं विचारलं, आणि मांगाची असून कामावरच्या रांजणातलं पाणी घेतलं. मुकादमानं फावड्याच्या दांड्यानं तिचा हात मोडला. चौकीवर फिर्याद घेतली नाही. म्हणून पुढच्या मंगळवारी बायका कलेक्टर कचेरीवर जाणार होत्या.

मी मॅट्रिक झालेली, म्हणून अर्ज मी लिहिला. तेवढ्यावर सुटले असते, पण अनसूयाबाई म्हणाली, "वैनी, साहेबाफुडं वाचून कोन दावील?"

यांची नोकरी शाळेत. सरकारविरुद्ध घरातल्या कुणाचं नाव निघालं की नोकरीवर कसं येतं ते मी ऐकून होते. जोगव्याला धाराशिवला जाते, एवढंच यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, तरी देवापुढं हात जोडताना मान वर होईना.

तुळजापूरहून सकाळची पहिली गाडी धरावी, म्हणजे जागा मिळते. डाव्या अंगाला बसावं, ऊन लागत नाही. तिकीट रुपयाच्या आत. डांबर जागोजागी उखडलंय, त्यामुळं पोटात काही जड नको. मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून घेतली होती. स्टँडवरचा चहा महागही आणि आमच्यात चालतही नाही. इतक्या बायकांच्या हातात जोगव्याच्या परड्या पाहून कंडक्टर म्हणाला, देवी तुळजापुरात सोडून तुम्ही उलट्या कुठं निघालात? अनसूयाबाई म्हणाली, "देवी जाग्यावरच हाय. सायेब तिकडं बसतोय."

धाराशिवला उतरलो तर पोलिसांचा जमादार समोरच. जमावबंदीचा हुकूम आहे, चौघींच्या वर एकत्र दिसल्या तर गाडीत घालीन, म्हणाला.  परतीची गाडी उभीच होती.

"मग चौघी-चौघीच जातो," अनसूयाबाई म्हणाली. "मंगळवारी जोगवा मागाया कुणाचा हुकूम लागतो व्हय?"

जमादारानं परडीतल्या कवड्यांच्या माळेकडं पाहिलं आणि टोपी काढून कपाळ पुसलं. देवीला नाही कोण म्हणणार?

मग आम्ही गल्लीगल्लीतून निघालो. दारात आईच्या नावानं हाक द्यायची, घरधनीण पीठ घेऊन आली की कोंडाबाईचा हात दाखवायचा. एकीनं दार लोटून घेतलं. दुसरी पदर खोचून आमच्यामागंच निघाली. मी मात्र सारखी मागं वळून पाहत होते, खाकी दिसतंय का म्हणून. कचेरीच्या फाटकावर शिपायानं हाकललं, तशी अनसूयाबाई वळली ती थेट साहेबांच्या बंगल्याकडं.

बाईसाहेब सुपात पीठ घेऊन पायरीवर आल्या. कोंडाबाईनं परडी मागं घेतली. जोगवा मागणारी दारातून रिकामी गेली म्हणजे घरावर देवीचा कोप; बाईसाहेबांचा हात तसाच राहिला.

"पीठ नगं, बाईसायेब," कोंडाबाई म्हणाली. "भाकर थापाया हात न्हाय. माझी फिर्याद तेवढी घ्याया सांगा."

त्या सूप तसंच घेऊन आत गेल्या. बाहेर चौघी-चौघींच्या मिळून आता पंधरा-वीसजणी झाल्या होत्या, आणि जमादार बंगल्याच्या फाटकात येऊन थांबला होता.

साहेब बाहेर आले. मी अर्ज वाचला.  लिहिणाऱ्याची सही आणि पूर्ण नाव नसेल तर अर्ज पुढं जाणार नाही, असं ते म्हणाले. मी अर्जाची घडी घालू लागले. अनसूयाबाई मदतीला आली, नवऱ्याचं नाव घेत नसत्यात सायेब. साहेब हसले. त्यांना वाटलं लाज. लाज होतीच, पण तिच्याआड लपायला बरं होतं.

 कोंडाबाई डाव्या हातानं उजवा धरून माझ्याकडं बघत होती.

लग्नानंतर उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं ते नाव मी घेतलं, आडनावासकट, आणि सही केली. शुक्रवारी चौकशी, लिहिणारीनंही हजर राहायचं, असं ठरलं.

परतीच्या गाडीत बायका गाणी म्हणत होत्या. मी भाकरी तशीच फडक्यात बांधून ठेवली.

घरी आले तेव्हा हे वह्या तपासत होते.

"आज तुमचं नाव घेतलं," मी म्हणाले.

"कुठं गं? हळदीकुंकवाला?"

मी सगळं सांगितलं. बराच वेळ ते एकाच पानावर होते. मग म्हणाले, शुक्रवारच्या तिकिटाचे पैसे आत्ताच बाजूला काढ, नाहीतर खर्च होतील. मी डब्यातून एका माणसाचे काढले.

"दोघांचे," ते म्हणाले, आणि पान उलटलं.

आज गुरुवार. जोगव्याच्या पिठाच्या भाकरी केल्यात, ज्वारी, बाजरी, गहू सगळं एकात, त्यामुळं थापताना सारख्या चिरतात. मगाशी शाळेचा शिपाई रस्त्यानं गेला, तेव्हा यांच्या नावाचा कागद आणला की काय म्हणून माझा हात परातीत थांबला. तो पुढं निघून गेला.