एकच ठोसा

आमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवणारे एक गृहस्थ बसत. सगळी गल्ली त्यांना कवळीमामा म्हणे, म्हणून मीही मामाच म्हणायची. मी दातांची डॉक्टर. पेशंटच्या तोंडाचं माप मी घ्यायचं आणि मेण, प्लास्टर घेऊन त्यातून दात उभे करायचे ते मामांनी. रविवारी चर्चमध्ये ते सगळ्यात मागच्या बाकावर बसत. विचारलं तर म्हणत, "माझं गाणं देवाने सोसावं, शेजाऱ्याला शिक्षा कशाला?"

वस्तीत सरकारी दवाखान्यासाठी एक मोकळी जागा राखून ठेवली होती. एका पुढाऱ्याने ती आपल्या गोदामासाठी लाटायचं ठरवलं. तेव्हा मामा आणि चर्चमधली दहाबारा माणसं सकाळीच तिच्या फाटकासमोर जाऊन बसली. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. थोड्या वेळाने पुढाऱ्याची माणसं आली. त्यांच्यातल्या एका आडदांड ड्रायव्हरने मामांना उठायला सांगितलं.

मामा म्हणाले, "उठलो तर तुम्ही कुलूप लावणार. त्यापेक्षा बसतो."

त्याने किल्ल्या धरलेली मूठ तशीच हाणली. मामांचे पुढचे तीन दात गेले. शेजारी बसलेल्या सुताराने वीट उचलली, तर रक्ताने भरलेल्या तोंडाने मामा त्याच्यावरच खेकसले, "ठेव ती खाली! ठेव म्हणतो ना!" सुतार नंतर सांगायचा, "मला त्या ड्रायव्हरपेक्षा मामांचीच भीती वाटली."

त्यांना माझ्याकडेच आणलं. पाठोपाठ आमच्या बाजूचे वकील आले. "डॉक्टर, दाखल्यात लोखंडी सळई लिहा. मारणारे तिघे होते असं मामा सांगतील. चांगला काही वर्षं आत सडेल."

खरं सांगते, संतापाच्या भरात माझं पेन कागदावर टेकलं होतं.

"एकच होता," खुर्चीतून मामा कापूस धरलेल्या तोंडाने म्हणाले. "आणि एकच ठोसा."

"अहो, खोटं बोला असं कोण म्हणतंय? थोडं वाढवायचं, एवढंच."

मामांनी कापूस काढला. "दातही वाढवून पाच सांगू? आणि कोर्टाने तोंड उघडायला लावलं म्हणजे?" मग गंभीर होऊन म्हणाले, "ते खोट्याने जागा लाटतात म्हणून आपण तिथे बसलो ना? आता आपणही खोटंच बोलायचं, तर बसलो कशाला?"

मी झालं तेवढंच लिहिलं. कोर्टात मामांनी ड्रायव्हरकडे बोट दाखवलं, काही लपवलं नाही आणि काही चढवलंही नाही. त्याला सहा महिन्यांची कैद झाली. चर्चमधले काहीजण मामांवर रुसले, म्हणाले, हा भलेपणा नव्हे, भोळेपणा.

मामांनी आपले तीन दात स्वतःच बनवले. मी एकदा म्हटलं, "तुम्ही त्याला क्षमा केलीत, धन्य आहे तुमची."

"कसली क्षमा, डॉक्टरबाई! रोज सकाळी आरशासमोर हे दात बसवतो आणि त्याला शिव्या घालतो. मग लाज वाटते, म्हणून त्याच्यासाठी प्रार्थना करतो. पण पहिला नंबर शिव्यांचाच."

दोन वर्षांनी तोच ड्रायव्हर आपल्या आईला घेऊन दारात उभा. कुणीतरी म्हातारीला आमच्याच कवळ्यांचं नाव सांगितलं होतं. मामा मागून बाहेर आले आणि दोघांची नजरानजर झाली. मामा म्हणाले, "मावशींना उजेडाकडे बसवा."

चार खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला म्हातारी म्हणाली, "इथे बोचतंय." मामा कवळी घासत बसले आणि ती त्यांच्या तोंडाकडे निरखून बघू लागली.

"तुमचेही पुढचे खोटेच दिसतात. पडले का?"

"पाडले," मामा म्हणाले.

"कुणी हो मेल्याने?"

मामा नुसतेच घासत राहिले. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचंही नव्हतं.

दाराशी उभा असलेला ड्रायव्हर म्हणाला, "आई, मी."

कवळी घ्यायला पुढे केलेला हात म्हातारीने मागे घेतला. "नकोत मला ह्यांच्या हातचे दात. कोणत्या तोंडाने घालू?"

"ह्याच तोंडाने, मावशी. माप ह्याचंच घेतलंय. आधी घाला आणि मग लेकाला काय बोलायचं ते बोला. बोळक्या तोंडाने रागावलं की निम्मे शब्द वाऱ्यावर जातात."

तिने कवळी घातली आणि पंधरा मिनिटं लेकाची खरडपट्टी काढली. एक शब्द अडखळला नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी त्याने मामांना विचारलं, "वकील सळई सांगा म्हणत होते, असं कानावर आलं. ती सांगितली असती तर मी अजून आत असतो. का नाही सांगितलीत?"

"तुझी दया आली म्हणून नाही रे. मला माझ्या देवाला तोंड दाखवायचं होतं. पण आज वाटतं, बरं झालं. नाहीतर मावशींना घेऊन कोण आलं असतं?"

पुढच्या आठवड्यात, जागेचा वाद चालू होता त्या सरकारी कचेरीत ड्रायव्हर स्वतः गेला आणि त्या दिवशी आपल्याला कुणी पाठवलं होतं ते लिहून देऊन आला. नोकरी गेली. आता तो शाळेची बस चालवतो. मामांनी त्याला चर्चमध्ये ये असं कधी म्हटलं नाही आणि तो कधी आलाही नाही. त्याच्या त्या जबाबामुळे पुढाऱ्याला माघार घ्यावी लागली आणि जागा वाचली. तिथे दवाखाना उभा राहायला आणखी चार वर्षं लागली.

दर गुरुवारी तिथे लहान मुलांचे दात तपासायला मी जाते. मुलं चावतात, रडतात, बुटांनी लाथा मारतात. बाहेरच्या बाकावर त्यांच्या आया दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्यांना मामा ठाऊक नाहीत. मला ठाऊक आहेत, म्हणून पहिल्या मुलाला आत बोलावण्याआधी मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानते.