ॲश्टनमधलं विरजण

आता माझ्या फजितीचं काय काय सांगू, तुमचा चहा गार होईल! पण ऐकाच. एका शब्दानं माझं फिरणं बंद पाडलं. ॲश्टन!

आम्ही दोघं लेकाकडं आयर्लंडला, ड्रोहेडात असतो. महेश तिथं डॉक्टर. मी शाळेचं तोंड फारसं पाहिलेलं नाही, इंग्रजीचा तर आनंदच. म्हणून त्यानं पत्ता माझ्याकडून घोकून घेतला. "ॲश्टन क्लोज, म्हणजे ॲश्टनची बंद गल्ली. आणि बाबा, हरवलात तर पुन्हा एकट्यानं बाहेर नाही हं!"

"ॲश म्हणजे राख ना रे? राखेचं गाव?"

"नाही हो! ॲश नावाचं झाड असतं. त्या झाडांपाशी वसलेलं गाव ते ॲश्टन. इंग्रजांचं जुनं नाव, बिल्डरनं इथं आणून चिकटवलंय."

किती ठिकाणी चिकटवलंय, ते मात्र लेकानं सांगितलं नाही!

त्या दिवशी घरातलं विरजण संपलं. मी पलीकडच्या देशपांडेबाईंकडून वाटीत थोडं आणायला गेलो. येताना भुरभुर पाऊस, आणि घरं सगळी एकाच साच्यातली. कुठून वळायचं तेच कळेना! कुत्रं फिरवणाऱ्या एका बाप्याला विचारलं, "ॲश्टन?"

"कुठलं? ॲश्टन ड्राइव्ह, ॲश्टन लॉन, ॲश्टन ग्रोव्ह?"

हे काय आता? मी आपलं म्हटलं, "क्लोज!"

त्याला वाटलं, म्हातारा 'जवळ आहे का' विचारतोय. "क्लोज, क्लोज! यू आर ग्रँड!" म्हणाला, म्हणजे काही काळजी नको, आणि समोरची गल्ली दाखवून गेला.

गेलो. तेच लाल दार, तीच कुंडी. किल्ली लागेना, म्हणून मागनं गेलो. मागचं दार उघडं. ओटा तोच, नळ तोच. पडदे तेवढे वेगळे. म्हटलं, सूनबाईनं बदलले असतील.

शांतपणे दूध कोमट केलं, विरजण लावलं. इथं घराघरात गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं, हॉट प्रेस म्हणतात. त्यात टॉवेल ठेवतात, आमच्याकडं दहीसुद्धा. जिना चढलो, टॉवेलांवर पातेलं नीट बसवलं, खाली आलो आणि हाक दिली, "अगं ए, चहा टाक!"

समोर आली लाल केसांची बाई!

"हू आर यू?"

मी घाबरून पत्ता सांगितला, "ॲश्टन!"

तिनं वर तोंड करून आरोळी ठोकली, "ॲश्टन! तुझ्याकडं कोण आलंय बघ!"

आणि जिन्यावरून दाढीवाला, पैलवानासारखा गडी उतरला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "मीच ॲश्टन."

गाव ॲश्टन, गल्ली ॲश्टन, माणूसही ॲश्टन! मी मटकन खुर्चीत बसलो. मनात एकच, महेशला कळलं तर संपलं. या परमुलखात मला दुसरं आहे काय हो? सकाळची एक चक्कर, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायचा, एवढंच.

मी केविलवाणा होऊन म्हटलं, "क्लोज…"

त्या पोराच्या डोक्यात प्रकाश पडला. "ॲश्टन क्लोज?" हसत हसत त्यानं मला आमच्या दारापर्यंत सोडलं. 'कुणाला सांगू नको' म्हणून मी ओठांवर बोट ठेवलं, त्यानंही ठेवलं. सुटलो! दह्याचं काय, ते विसरूनच गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दार उघडलं महेशनं. दारात लाल केसांची बाई, हातात पातेलं!

ती काय काय बोलत होती आणि महेश माझ्याकडं वळून वळून बघत होता. शेवटी म्हणाला, "बाबा, या म्हणतायत, काल तुम्ही यांच्या टॉवेलांवर दूध ठेवून आलात. ते नासलंय."

मी हळूच जाऊन खुर्चीत बसलो.

"हरवलात कसे? नाव पाठ होतं ना?"

"पाठ होतं रे, म्हणूनच तर हरवलो!"

फिरणं बंद. त्याच क्षणी!

एवढ्यात आमची ही पुढं आली. पातेल्यात बोट बुडवलं, चाटलं, आणि त्या बाईला मराठीतच सांगितलं, "नासलंय कुठं? कसं कवडीसारखं लागलंय!"

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "नासलाय तो हा, खुर्चीतला."