तिसरी हाक

आमचे काका मेलेल्या माणसांना हाका मारायचे. चेष्टा नाही करत. यादीत एखाद्या नावापुढे ‘मयत’ लिहायचं असेल, तर आधी त्या दारात उभं राहून पूर्ण नावानं तीन हाका. दोन हाकांच्या मध्ये मनात वीस आकडे मोजायचे. ओ आली नाही, तरच पेन उघडायचं.

मूळचे साताऱ्याचे, दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले काका आमचे पथकप्रमुख. दिल्लीलगतच्या राज्याच्या अर्थसंकल्पातली वृद्धांची पेन्शन खऱ्या माणसांपर्यंत पोचते का, हे आम्ही घरोघर तपासायचो. ‘मयत’ लिहिलं की पेन्शन बंद. मी पुण्याहून नुकताच आलेलो, दिल्लीत मुनिरक्यात खोली घेतलेली, आणि अक्कल तर काय उतू चाललेली. शेजारी सांगताहेत ना गेली म्हणून, मग हा तमाशा कशाला, असं एकदा बोलून गेलो. काका शांतपणे म्हणाले, "अरे, कागदावर माणूस मारायला एक रेघ पुरते. निदान त्याला विचारावं तरी."

गावं त्यांना टरकून असायची. भर दुपारी बंद दारापुढे हा पांढऱ्या सदऱ्यातला माणूस गेलेल्या बाईला अदबीनं हाक मारतोय म्हटल्यावर बायका पोरांना आत ओढायच्या. त्या वीस आकड्यांत माझ्याही अंगावर काटा यायचा, खोटं कशाला बोलू.

पानिपतच्या पुढच्या एका गावी काकांना ताप आला, म्हणून मी एकटाच फिरलो. ऊन मी म्हणत होतं. शेजाऱ्यांच्या शब्दावर सात नावं खोडली, हाक एकही मारली नाही. संध्याकाळी काकांनी विचारलं, तेव्हा मारल्या म्हणून बिनदिक्कत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते तापातच मला घेऊन निघाले. सहा दारं गप्प. सातव्याला बाहेरून कुलूप. तिसऱ्या हाकेनंतर आतून बारीक आवाज आला, "आ रही हूँ, बेटा." शेजारीण मटकन खाली बसली. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. सून कुलूप लावून कारखान्यात जायची आणि कुणाशी बोलायची नाही. म्हातारी वर्षभर कुणाला दिसली नाही, म्हणून गावानं तिला गेलेली धरलं होतं. काकांनी तिचं नाव स्वतःच्या हातानं पुन्हा लिहिलं. मग यादी माझ्या हातात परत दिली.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मी दौऱ्यावर होतो, शेवटचं पाहणंही झालं नाही. पथकाच्या यादीतून त्यांचं नाव काढायचं काम नेमकं माझ्याकडे आलं. दुपारी गाझियाबादला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. काकू मुलाकडे गेलेल्या, दाराला कुलूप. पूर्ण नावानं हाक मारली. वीस मोजले. दुसरी मारली. जिना एकदम गप्प झाला, आणि आत कुणीतरी पायात चप्पल सरकवल्यासारखं वाटलं.

तिसरी मारायचा धीर झाला नाही. ऑफिसातून दोनदा विचारणा झाली. काकांचं नाव अजून यादीत आहे.