दुसऱ्या पायरीवरचा मुलगा

हसायचं नाही, अशी शपथ घालून सांगणार होते. पण आमच्या गल्लीतलं हसणंच अजून थांबलेलं नाही, तर तुम्ही काय थांबणार! तेव्हा चहाचा कप जरा लांब ठेवा, सांडेल, आणि ऐका. माझ्या कंप्यूटरप्रेमापायी एका चांगल्या मुलीचं जमत आलेलं लग्न फिसकटता फिसकटता राहिलं. आणि आमचे शेजारी शुक्लाजी, वय सहासष्ट, नातवंडं तीन, भर दुपारी हातोदला पोहोचले!

आधी माझा गुन्हा करण्यामागचा उदात्त हेतू सांगते.

मी अनुजा. दोन वर्षं फिनलंडला शिकले आणि महिन्याभरापूर्वी इंदूरला परत आले. लोक म्हणाले, वेडी आहेस का? पण मी जातानाच ठरवून गेले होते, शिकायचं आणि घरी यायचं! कंप्यूटर माणसाच्या सवयीप्रमाणे कसा घडवावा, हा माझा विषय. आपल्याकडे काय होतं बघा ना. घरोघरी कंप्यूटर आहे, पण दुकानातून आला तसाच बसून आहे. अक्षरं मुंगीएवढी, सुरू व्हायला दहा मिनिटं! कुणी त्याला आपला करतच नाही. नवी साडी घडी न मोडता कपाटात ठेवल्यासारखं झालं हे! मी विमानातच वहीत 'दहा सोप्या युक्त्या' लिहून काढल्या. सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीसाठी रविवारी फुकट वर्ग घ्यायचा, हेही ठरवलं.

आणि वर्गात दाखवायला 'आधी' आणि 'नंतर' असा नमुना हवा होता. तो घरातच होता. बाबांचा कंप्यूटर!

बाबा बँकेतून रिटायर झाले आणि त्यांनी मराठी घरांसाठी वधू-वर मंडळाचं काम अंगावर घेतलं. फुकट, हौसेने. इंदूर, देवास, धार, उज्जैन, सगळीकडून लोक मुलामुलींची माहितीपत्रकं आणून देतात. बाबा ती स्कॅन करून कंप्यूटरवर ठेवतात. कुठे ठेवतात? फोल्डरमध्ये? छे! पडद्यावर! सगळीच्या सगळी! मागे आमच्या घराचा फोटो, नवा रंग दिला तेव्हा समोरून काढलेला. गेट, त्याच्या खांबावरची घंटी, तीन पायऱ्या, दार, मोगऱ्याची कुंडी, बाबांची स्कूटर, गच्चीवरची पाण्याची टाकी. आणि त्यावर चौसष्ट आयकॉन असे विखुरलेले, जशी पोह्यांवर सेव! नावं तरी धड असावीत? 'नवीन', 'नवीन एक', 'नवीन नवीन', 'हा बरा', 'हाच', 'हाच दोन'.

मला तर ते बघून झोप येईना.

त्या दिवशी योग जुळून आला. बाबा सकाळच्या बसने जवळच्या हातोद गावी गेले. तिथे वैशाली म्हणून शाळेत शिकवणारी मुलगी आहे, एकतीस वर्षांची. तिला दोन वेळा लोक न कळवता येऊन बघून गेले, आणि दोन्ही वेळा नंतर काही कळवलंही नाही. तेव्हापासून तिने सांगून टाकलं होतं, "आधी पत्रक मी वाचणार. पटलं तरच भेटणार." बाबांनी तिच्यासाठी एक मुलगा मनात धरला होता. तो चेन्नईला नोकरीला, सुट्टीवर इंदूरला मामाकडे आलेला, आणि त्याची गाडी त्याच रात्रीची होती. आज भेट झाली तर झाली, नाहीतर पुढची सुट्टी एकदम वर्षाने!

आई मसाला आणायला सियागंजला गेली. घरात मी आणि तो कंप्यूटर. दोघंच!

मी आधी 'आधी'चा फोटो काढला. नुसता पडदा कसा काढणार? मीपण आले फोटोत, अंगठा वर करून, दात दाखवत. मग कामाला लागले. अक्षरं मोठी केली. माऊसचा बाण मोठा आणि जरा सावकाश केला, बाबांचा नेहमी हरवतो म्हणून. संध्याकाळी डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा आपोआप पिवळसर होईल असं केलं. सुरू होताना उगाच जागे होणारे नऊ प्रोग्राम झोपवले. दहा मिनिटांचा कंप्यूटर एका मिनिटात उठायला लागला! मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या, खरंच!

मग शेवटची, माझी सर्वात लाडकी युक्ती. मागचा घराचा फोटो हटवला, तिथे फिनलंडचं एक शांत, निळं तळं लावलं. आयकॉन नावाप्रमाणे लावायचं बटण दाबलं. खट्! चौसष्ट आयकॉन शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे रांगेत. काय सुंदर दिसत होतं! मला भरून आलं.

तेवढ्यात बाबांचा फोन.

"अनू बेटा, आई कुठेय?"

"सियागंजला."

"अच्छा. मग तूच कर. दुसऱ्या पायरीवर जो बसलाय ना, त्याला पाठव. लवकर."

"कुठे, हातोदला?"

"मग काय दिल्लीला? इथे सगळे वाट बघून राहिले आहेत." फोन बंद.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी दार उघडून बघितलं. दुसऱ्या पायरीवर शुक्लाजी बसले होते! ते रोज दुपारी आमच्याच पायरीवर बसून आमचंच वर्तमानपत्र वाचतात. मला वाटलं, बाबांना किती माहिती असते घराची!

"अंकलजी, बाबा ने आपको हातोद बुलाया है. अर्जेंट."

"मेरे को?" शुक्लाजींनी चष्मा कपाळावर चढवला. "क्या हो गया?"

"पता नहीं. सब लोग आपकी राह देख रहे हैं."

हे वाक्य, मी सांगते, माणसाला कुठेही घेऊन जाऊ शकतं. शुक्लाजी उठले, घरी गेले, इस्त्रीचा कुर्ता घालून, केसांना तेल लावून आले. पत्ता घेतला, स्कूटरला किक मारली. "बेटा, अपन तो पड़ोसी के लिए जान दे दें," म्हणाले आणि गेले.

वीस मिनिटांनी पुन्हा फोन.

"अगं, आला नाही अजून!"

"निघालेत, बाबा. रस्त्यात असतील."

"रस्त्यात? एवढा वेळ? आपल्याकडे स्पीड नाही का?"

"चाळीसच्या वर नाही जात, बाबा. जुनं मॉडेल आहे."

"मी तर म्हणतच होतो बदलून टाकू," बाबा म्हणाले. तुमच्या लक्षात येतंय ना? ते आमच्या इंटरनेटबद्दल बोलत होते आणि मी शुक्लाजींच्या स्कूटरबद्दल! "बरं, तोवर टाकीवरचा पाठव. तो इंजिनीयर. तुलनेला दाखवतो."

"टाकीवर कोणी इंजिनीयर आहे?"

"कधीपासून बसलाय बिचारा! बघ तर."

मी गच्चीवर धावले. शिडी लावली. टाकीवर चढले. फिनलंडची पदवीधर मुलगी, दुपारच्या उन्हात, पाण्याच्या टाकीवर गुडघे टेकून इंजिनीयर शोधतेय! तिथे एक कबूतर होतं. ते इंजिनीयर वाटत नव्हतं.

खालून आईचा आवाज आला. हातात मसाल्याच्या दोन पिशव्या, तोंड उघडं.

"अनू! उतर! काय करून राहिली तिथे?"

"बाबांनी सांगितलं, टाकीवरचा इंजिनीयर पाठव!"

आईने पिशव्या खाली ठेवल्या. "अगं बावळट, त्या टाकीवरचा नाही! कंप्यूटरमधल्या टाकीवरचा!"

आणि मग, त्या शिडीच्या मधल्या दांड्यावर लटकत, मला सगळं कळलं. आईने खाली उभ्या उभ्या सांगितलं. नवं पत्रक आलं की गेटाबाहेर. पत्रिका जुळली की पहिली पायरी. बाबांच्या मनात जोडी पक्की झाली की दुसरी. भेट झाली की तिसरी. ठरलं की दारात. बदलीची नोकरी असेल तर स्कूटरवर. ज्यांच्या अपेक्षा फार उंच, ते टाकीवर. आणि माणसं बरी पण नशीब साथ देत नाही, ती मोगऱ्याच्या कुंडीत, सावलीला. बाबांना चौसष्ट जणांचं कुणाचंही नाव वाचावं लागत नव्हतं. कोण कुठे बसलंय, हे त्यांना झोपेतही माहीत होतं.

आणि मी? मी ते घरच काढून टाकलं होतं. सगळ्यांना नेऊन फिनलंडच्या तळ्यात उभं केलं होतं, नावाप्रमाणे!

आईने पडदा बघितला आणि खुर्चीत बसली. रुमालाने पडदा पुसून पुन्हा बघितला. तळंच होतं. "आणि दुसऱ्या पायरीवरचे म्हणून शुक्लाजींना मी हातोदला पाठवलं," मी हळूच सांगितलं.

"पण मग तू शुक्लाजींना..." एवढंच तिच्या तोंडून निघालं, तोच फोन वाजला. बाबा कुजबुजत होते.

"अनू, हे शुक्लाजी इथे काय करून राहिले आहेत?"

"पोहोचले?"

"पोहोचले! 'सब मेरी राह देख रहे थे ना' म्हणून आत येऊन बसले! वैशालीच्या आईने सरबत दिलं. तिच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'वय जरा जास्त नाही वाटत?' आणि शुक्लाजी सांगून राहिले, त्यांना तीन नातवंडं आहेत!"

मागून शुक्लाजींचा आवाज येत होता, "बेसन के लड्डू बहुत बढ़िया बने हैं, भाभीजी!"

मी खरं ते सांगून टाकलं. तळं, रांग, टाकी, कबूतर, सगळं. बाबा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "बेटा, वैशाली समोर बसली आहे. तिला वाटेल, आपणही तिची थट्टा केली. तिसऱ्यांदा."

ती मुलगी मी कधी बघितली नव्हती, पण त्या क्षणी तिच्या घरातली ती खोली मला दिसली.

"मुलाला सरळ फोन करून मागवू का त्याचं पत्रक?"

"बिलकुल नाही. मुलीने हो म्हटल्याशिवाय मुलाला कळवायचं नाही. नंतर नाही म्हणायचं झालं तर तिला जड जातं. शोध. पाच वाजेपर्यंत."

मग मला माझा 'आधी'चा फोटो आठवला! धावत जाऊन मोबाईल उघडला. गेट दिसत होतं, टाकी दिसत होती, स्कूटर दिसत होती. कोणत्या फाईलचं नाव काय, स्वच्छ वाचता येत होतं. फक्त पायऱ्या दिसत नव्हत्या. पायऱ्यांसमोर माझं डोकं होतं. अंगठा वर, दात बाहेर.

"काय हसून राहिली आहे बघ," आई म्हणाली.

तरी फोटोने काम हलकं केलं. बाहेर दिसत होते ते सगळे वगळले. माझ्या डोक्यामागे चौदा जण होते. मी एक एक फाईल उघडत गेले, आई बघून सांगत गेली. "ही नाही. हा तिसऱ्या पायरीवरचा. हिचं ठरलं. हा फार बोलतो." नववी फाईल 'हाच दोन'. चष्मा, चेन्नईचा पत्ता, आवड म्हणून लिहिलेलं, 'लहान मुलांना गणित शिकवणे'.

"हाच!" आई ओरडली. चार वाजून पन्नास मिनिटांनी मी तो पाठवला, बरोबर एक ओळ लिहून. 'वैशालीताई, चूक पूर्णपणे माझी आहे. बाबांची नाही. शुक्लाजींची तर मुळीच नाही.'

दहा मिनिटं काही नाही. मी नखं खात होते. मग बाबांच्या फोनवरून एक अनोळखी, हसरा आवाज आला.

"अनुजा ना? मी वैशाली. शुक्लाजींना बघितल्यावर हा फारच तरुण वाटतो गं. भेटते मी."

त्याच संध्याकाळी मुलगा आणि त्याचा मामा हातोदला जाऊन आले आणि गाडी सुटायच्या आत स्टेशनवर पोहोचलेही. काल दोन्हीकडून होकार आला! शुक्लाजी गल्लीभर सांगत फिरताहेत, "रिश्ता तो भिया मैंने जमाया. पहले मेरे को देखा, फिर हाँ बोली."

त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी आधी तळं काढलं. घराचा फोटो परत लावला. मग माझ्या मोठ्या केलेल्या, सावकाश बाणाने एकेकाला उचलून त्याच्या जागी बसवायला लागले. एकाचीही जागा न विसरता! "बाण मस्त केलास हो," एवढं मात्र म्हणाले. वैशालीला आणि 'हाच दोन'ला त्यांनी तिसऱ्या पायरीवर शेजारी शेजारी ठेवलं. मी वहीतल्या दहा युक्त्यांच्या वर अकरावी लिहिली, 'आधी विचारा.' दोन वर्षं परदेशात मी नेमकं हेच शिकत होते, माझा शेवटचा प्रबंध याच विषयावर होता, हे तुम्ही कुणाला सांगू नका.

शेवटी पडद्यावर एकच फाईल उरली. 'नवीन नवीन'. बाबांनी ती उचलली आणि जरा लपवल्यासारखं केलं. मी उघडलीच. माझा फोटो! माझं पत्रक! 'स्वभाव: समजूतदार. मोठ्यांना विचारल्याशिवाय काही करत नाही.'

"हे कधी केलंत?" मी किंचाळले.

"तू आलीस त्याच आठवड्यात. सगळेच आईबाप ठेवतात."

"मला न विचारता?"

"तू विचारलं होतंस?"

मी खुर्ची जवळ ओढली. "बरं, मग मला कुठे ठेवणार? टाकीवर?"

बाबांनी विचार केला. फाईल पायऱ्यांवरून खाली आणली, कुंडीवरून पुढे नेली, गेटाबाहेर काढली आणि खांबावरच्या घंटीशेजारी ठेवून दिली.

"इथेच थांब," ते म्हणाले. "घंटी वाजवायला शिकलीस की आत घेऊ."