आईची लिफ्ट आणि वरचा लिमिट स्विच

लिमिट स्विच हा शब्द निघाला की आमची बायको अजून पदर तोंडाला लावून हसते. हसू दे. तीस वर्षं मी याच धंद्यात हाय, उद्यमनगरातल्या निम्म्या शेडमधल्या मशिनी माझ्या हातनं वायरिंग करून चालल्यात. आणि माझ्याच घरातली लिफ्ट मला दसऱ्यादिवशी सकाळी दीड तास चालू करता आली नाही.

राजारामपुरीत आमचं घर गल्लीत आत. खाली माझं दुकान, वर आम्ही. आईचे गुडघे गेले आणि ती वर अडकली ती अडकलीच. दोन वर्षं झाली, तिनं जिन्याला पाय लावला नव्हता. दवाखान्याला म्हटलं तरी चौघांनी खुर्ची उचलायची, आणि ती खुर्चीत बसून चौघांना शिव्या घालायची. शेवटी मी म्हटलं, बास! लिफ्टच करतो. मागच्या बोळात जागा होती. पिंजरा आमच्या वेल्डर चाचानं बांधला. चाचा माझा बालमित्र, तीन पिढ्या लोखंडात. मोटर मी बसवली. आणि आईला शब्द दिला, "दसऱ्याला तुला वाडीला नेतो." नृसिंहवाडीला जायचं म्हणून ती दोन वर्षं झुरत होती.

आता लोकांचं एक असतं. लिफ्ट म्हटली की मोटर बघतात. किती एचपीची, किती वजन घेती. अरे, मोटर काय, बैल हाय! हाकलला की चालतो. थांबायचं कुठं हे त्याला कोण सांगणार? ते सांगतो लिमिट स्विच. मूठभर डबी, तिच्यातनं बाहेर आलेला दांडा, दांड्याच्या टोकाला गोटीएवढं चाक. लिफ्ट वर पोचली की पिंजऱ्याची पट्टी त्या चाकाला ढकलते, दांडा वळतो, डबीत टिक् वाजतं आणि वर जायची वीज तुटते. खाली येताना खालचा स्विच तेच करतो. पट्टी सुटली की स्प्रिंगनं दांडा जागेवर. ऊस उचलणारी क्रेन घ्या, मिलिंग मशीनचं टेबल घ्या, बंगल्याचं आपोआप सरकणारं गेट घ्या, सगळीकडं हाच बसलेला असतो. फ्रिजचं दार उघडल्यावर दिवा लावणारं बटणसुद्धा याच्याच भावकीतलं.

हे सगळं मी महिनाभर घरात सांगत होतो. जेवताना सांगत होतो. बायको भाकरी थापता थापता म्हणायची, "अवो, कळलं. चाक दाबलं की बंद. आता आमटी घेता का?" आई मात्र खाटेवर बसून मन लावून ऐकायची. मधूनच विचारायची, "म्हंजे ते चाक दाबून धरलं तर वर येणारच न्हाय?" मी खूश. म्हटलं, घरात एकाला तरी अक्कल हाय.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची, मशिनींची पूजा करतो. लिफ्टचीही केली. खाली मी मोटरला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. वरच्या दाराशी आईनं स्वतः पूजा केली. झेंडूचे हार सगळीकडं. आमच्यात मशीनचा हार पूजा झाल्यावर काढत नाहीत, सुकून आपोआप गळू देतात.

दसऱ्यादिवशी सकाळी आई इरकल नेसून वरच्या दाराशी खुर्चीत बसली. खाली रिक्षा उभी. पिंजरा तळाला. मी वर जायचं बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. लाल दिवा लागलेला, म्हणजे वीज होती. पण मोटर ढिम्म. फ्यूज बघितला, चांगला. पॅनल उघडलं, मोटरला वीज सोडणारा कॉन्टॅक्टर हातानं चाचपला. चाचा म्हणाला, "भावा, वायरिंग तुझंच न्हवं?" म्हटलं, "आणि पिंजरा तुझा वाकडा!" गल्लीतली चार माणसं जमली आणि चौघंही इंजिनिअर निघाले. एक म्हणाला कपॅसिटर, एक म्हणाला उंदीर. बायको म्हणाली, "अवो, एकदा वर जाऊन बघा की." मी खेकसलो, "वर काय बघायचं? मोटर खाली हाय!" मोटर सोडली, पुन्हा जोडली. घामानं दसऱ्याचा नवा शर्ट काळा झाला.

आणि मग डोक्यात उजेड पडला. पिंजरा तळाला, म्हणजे खालचा स्विच दाबलेला. ते बरोबर. पण वर जायचं बटणही मेलेलं, म्हणजे वरचाही दाबलेला. लिफ्ट खाली उभी आणि तिला वाटतंय आपण वर पोचलोय! जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. बघतो तर वरच्या स्विचला झेंडूचा हार. नुसता अडकवलेला नव्हता. चाक दाबून, दोन वेढे देऊन, वर गच्च गाठ मारलेली.

"हे कुणी केलं?" मी मागोमाग आलेल्या बायकोवर ओरडलो.

"मी न्हाय बाई."

"मी केलं," आई म्हणाली.

"आये, ती काय खुंटी हाय व्हय हार लटकवायला?"

"ठाव हाय की. चाक दाबलं की बंद. महिनाभर तूच सांगतोयस." आणि मान खाली घालून म्हणाली, "म्हणून तर बांधला."

मग ती हळूच म्हणाली, "भ्या वाटतंय रं. तू कवा बसलायस का त्यात?"

बसलो नव्हतो. तांदळाची दोन पोती वर-खाली केली होती, आणि पोती काही तक्रार करत नाहीत. हार सोडला, खाली गेलो, पिंजऱ्यात उभा राहिलो आणि बटण दाबलं. आयला! जमीन सुटली तशी माझी गाळण उडाली. पोत्याला ठाऊक नसतं, मला प्रत्येक नट ठाऊक होता. त्यातले दोन तर आदल्या संध्याकाळी घाईत आवळलेले. डोळे मिटून गज धरले. वर टिक् वाजलं, लिफ्ट थांबली. बाहेर आलो तरी एक हात गजावरच होता.

आई टक लावून बघत होती. "भ्यालास?"

"छे."

"खरं सांग."

"व्हय," मी म्हटलं. "लई भ्यालो."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "दोन वर्षं सगळी मला सांगत्यात, आये, भ्यायचं न्हाय. मीबी भितो, असं एकजणबी म्हणाला न्हाय." पिंजऱ्यातल्या स्टुलावर बसून तिनं पदर नीट केला. "सर बाजूला. जातो मी." आणि बटण तिनंच दाबलं.